किडनीचं आयुर्वेदिक सिरप, सात महिन्यांनंतर: क्रिएटिनिन उतरलं, पोटॅशियम चढलं

हे मी फेब्रुवारीत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. एप्रिलमध्ये माझ्या वडिलांचं, अप्पांचं, रक्तातलं पोटॅशियम ६.२ आलं, हृदयाला धोका होईल इतकं जास्त. ती रात्र आयसीयूच्या दाराशी काढली. आता दीड तारा, तोही कशाबद्दल ते पुढे येईल.

अप्पा ६७ वर्षांचे. आयुष्य टॉवेलच्या मागावर गेलं, शुगर आणि बीपी जुनंच. सप्टेंबरात क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, कमी तितकं बरं) २.४, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, जास्त तितकं बरं) २९. डॉक्टरांच्या गोळ्या बंद न करता जोडीला हे सिरप सुरू केलं, दोन वेळा दोन-दोन चमचे. कुरिअरसकट महिन्याला १,३४० रुपये. त्यात पुनर्नवा, गोखरू, वरुण, म्हणजे सूज आणि लघवीच्या तक्रारींवर आयुर्वेदात देतात त्या वनस्पती.

दीड महिन्यात पायाची सूज ओसरली. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला अप्पा होम मैदानापर्यंत चालत आले. फेब्रुवारीत क्रिएटिनिन २.१, ईजीएफआर ३४. किडनीच्या आजाराच्या चौथ्या टप्प्यातून तिसऱ्यात! मी नात्यात सगळ्यांना सांगत सुटले. माझ्या शब्दावर दोन घरांनी बाटल्या मागवल्या. त्या दोघांनाही आता फोन करून सगळं सांगितलं आहे.

एप्रिलमध्ये अप्पा म्हणायला लागले, "पोरी, पायात दमच नाही बघ." सोलापूरचं ऊन, पारा त्रेचाळिसाला टेकलेला. आम्ही उन्हावर ढकललं आणि रोज एक शहाळं पाजलं. ईसीजी बिघडला तेव्हा कळलं, पोटॅशियम वाढलंय.

डॉक्टरांनी आधी फाईल नाही, वजन पाहिलं. ६४ वरून ५८. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू झडले तर किडनी सुधारली नसली तरी आकडा खाली येतो. सिरपसोबत आलेल्या पथ्याच्या कागदावर डाळ, दूध, अंडी सगळ्यावर काट होती आणि आम्ही ती इमानाने पाळली. सिस्टॅटिन सी नावाची महागडी तपासणी केली, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. तिच्यावरून ईजीएफआर २७. म्हणजे आम्ही पेढे वाटले ते अप्पांच्या झडलेल्या मांसाचे. हे अजून गळ्याखाली उतरत नाही.

सूज मात्र खरंच उतरली होती. पण त्याच कागदावर मीठ, पापड, लोणचं आणि शेंगाचटणीही बंद होती. त्यातलं सिरपचं किती आणि मिठाचं किती, हे मला सांगता येणार नाही. एक तारा त्या मीठबंदीला, अर्धा पुनर्नवेला.

आता लेबल. मी बाटली घेऊन पेठेतल्या एका वैद्यांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून शेवटची बारीक ओळ वाचली: यवक्षार. प्रमाण लिहिलेलंच नाही. ते म्हणाले, "जव जाळून राख पाण्यात कालवायची, गाळून आटवायची, उरतं ते हे. बहुतेक पोटॅशियमच. तुमच्या वडिलांना मी हे दिलं नसतं." सात महिने बाटली स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती ओळ मी एकदाही वाचली नाही. डॉक्टरांच्या मते दोष एकट्या सिरपचा नाही. टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीनंही पोटॅशियम वाढतं, आणि एका शहाळ्यातच पाचशे मिलीग्रॅमच्या वर जातं. पटतं. पण शहाळं मी स्वतः आणत होते, गोळीची चिठ्ठी डॉक्टरांकडे होती. यवक्षार किती, हे फक्त कंपनीला माहीत होतं, आणि कोणती बाटली किडनीच्या माणसासाठी आहे हेही त्यांनीच वर मोठ्या अक्षरात छापलं होतं.

माझी चूकही लिहिते. दर महिन्याला फक्त क्रिएटिनिन करून घेत होते. इलेक्ट्रोलाइट्सचे, म्हणजे पोटॅशियम-सोडियमच्या तपासणीचे, वेगळे पैसे वाचवले. आयसीयूचं बिल त्याच्या कित्येक पट झालं.

"वनस्पती आहे, अपाय काय होणार" म्हणणाऱ्यांसाठी: बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या औषधात ॲरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती गेली आणि कित्येक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. १९९३ साली ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली. घरात किडनीचा पेशंट असेल तर बाटली उघडायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, आणि सुरू केलीच तर पंधरा दिवसांत पोटॅशियम करा.

सिरप बंद, शहाळं बंद, बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली. दोन आठवड्यांनी पोटॅशियम ४.९. डाळ परत सुरू झाली, मोजून. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या उकळून पाणी टाकून देते. वजन ५९.

कंपनीला तीनदा फोन केला. यवक्षार किती, एवढंच विचारलं. प्रत्येक वेळी "कळवतो" म्हणाले. सीलबंद दोन बाटल्या कपाटात आहेत, पैसे परत नकोत. तो आकडा हवा आहे.