मूळकूज झाली: थांबायचं, मुळं छाटायची की छाट घेऊन नवं झाड करायचं?

कुंडीतली माती ओली आणि पानं मात्र मलूल, असं दिसलं की मूळकुजीची शंका घ्यावी. तहानलेलं झाडही मान टाकतं, पण त्याची माती कोरडी असते, कुंडी उचलली तर हलकी लागते आणि पाणी दिल्यावर काही तासांत पानं पुन्हा ताठ होतात. मुळं कुजलेलं झाड पाणी दिल्यावर आणखी खचतं, कारण पाणी ओढून घेणारी मुळंच उरलेली नसतात. हा फरक लक्षात न आल्यामुळे कितीतरी झाडं माणसाच्या मायेनेच मरतात.

मुळांनाही श्वासासाठी ऑक्सिजन लागतो. मातीतल्या बारीक पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि अशा अशक्त मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया यांसारखे रोगकारक तुटून पडतात. म्हणजे रोग दिसतो तो शेवटी, सुरुवात झालेली असते हवा संपल्यापासून.

आता उपाय कोणता, हे पानं बघून ठरवू नका. झाड कुंडीतून बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं, बुळबुळीत असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वास कुबट येतो. रंगावर एकट्यावर मात्र भरवसा नको: स्नेक प्लांट आणि ड्रसीनाची मुळं मुळातच नारिंगीकडे झुकणारी असतात, ती रोगट समजून कापून टाकू नका. दाबून बघा, टणक असेल तर ठेवा.

पहिला मार्ग माती सुकू देण्याचा. बहुतेक मुळं टणक आहेत, खोड बुंध्याशी घट्ट आहे, फक्त खालची दोन-चार पानं पिवळी पडली आहेत, तर हा मार्ग पुरेसा आहे. मातीचा गोळा न फोडता जुन्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवला की कागद बरंच पाणी शोषून घेतो. मग झाड परत कुंडीत, भरपूर उजेडात पण थेट उन्हापासून दूर, आणि बशीत साठलेलं पाणी ओतून टाकायचं. याचा मोठा फायदा म्हणजे मुळांना हात लागत नाही. पाम ढवळाढवळ फारशी सहन करत नाहीत, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. पण कूज आत शिरलेली असेल तर वरची माती सुकताना आतली मुळं कुजतच राहतात. माझ्या रबर प्लांटच्या बाबतीत मी हीच चूक केली. बाहेर न काढता तीन आठवडे वाट पाहिली आणि शेवटी काढलं तेव्हा बुंधा बोटाने दबत होता. ते झाड गेलं याचं मला अजून वाईट वाटतं, कारण पहिल्या आठवड्यात ते वाचलं असतं.

दुसरा मार्ग मुळं छाटून नव्या मातीत लावण्याचा. साधारण निम्मी मुळं चांगली असतील आणि खोड टणक असेल, तर मी कायम हाच निवडते. जुनी माती पाण्याखाली धुऊन काढायची, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने मऊ मुळं निरोगी भागापर्यंत कापायची. इथे हात आखडता घेऊ नये, कुजका तुकडा राहिला तर कूज तिथूनच पुन्हा पसरते. मुळं जितकी कमी झाली, त्या मानाने थोडी पानंही कमी करावीत, नाहीतर उरलेल्या मुळांवर सगळ्या पानांची तहान येऊन पडते. नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची हवी. बहुतेक लोक इथेच चुकतात: आजारी झाडाला मोकळी जागा म्हणून मोठी कुंडी देतात, आणि मुळं न पोहोचलेली ती सगळी माती दिवसेंदिवस ओली राहते. तळाशी खडे घालूनही निचरा सुधारत नाही, पाणी धरून ठेवणारा थर फक्त खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. त्यापेक्षा मातीतच परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) किंवा जाडसर भुसभुशीत काहीतरी मिसळा. खत नवी पालवी दिसेपर्यंत नको. सुरुवातीचे काही आठवडे झाड मलूलच दिसेल, ते अपेक्षित आहे.

तिसरा मार्ग छाट घेण्याचा, म्हणजे खोडाचा किंवा पानाचा निरोगी तुकडा कापून रुजवण्याचा. मुळं जवळपास संपली पण वरचं खोड हिरवं आणि घट्ट आहे, तर जुनी मुळं सोडून द्या. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा यांची पेरासकट छाट पाण्यात ठेवली की काही आठवड्यांत मुळं फुटतात. इथे मुळं छाटण्यापेक्षा हा मार्ग सोपा आणि खात्रीचाही आहे. झीझी प्लांटच्या पानापासून झाड होतं, पण महिनोन्‌महिने थांबावं लागतं. पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट पानाच्या तुकड्यापासून केला तर नवं रोप साधं हिरवं येतं, पिवळी कड टिकवायची असेल तर गड्ड्याचा निरोगी तुकडाच लावावा लागतो. पीस लिलीची छाट रुजत नाही, तिचा मुळांसकट फुटवा वेगळा करावा लागतो. पामला तर हा रस्ताच नाही.

औषधाला मी वेगळा मार्ग मानत नाही. बुरशीनाशक मेलेल्या मुळात जीव घालत नाही, छाटणीनंतर जोड म्हणून फार तर उपयोगी. तेही नेमकं हवं: पिथियम आणि फायटोफ्थोरा खऱ्या बुरशी नव्हेत, त्यामुळे सहज मिळणारं कार्बेन्डाझिम त्यांच्यावर चालत नाही, मेटालॅक्सिल चालतं. हायड्रोजन पेरॉक्साइड काही वेळातच विघटन पावतं आणि मातीतले उपयोगी जीवही मारतं. ट्रायकोडर्मा चांगलं, पण ते प्रतिबंधासाठी, आणि जिवंत बुरशी असल्याने पेरॉक्साइडबरोबर देऊन उपयोग नाही.

दुसरा की तिसरा हे ठरत नसेल, तर एकाच दिवशी दोन्ही करा. झाड बाहेर काढल्यावर आधी वरच्या निरोगी भागाची एक-दोन छाटं बाजूला घ्या, मगच मुळांना कात्री लावा. छाटणी फसली तरी झाड हातून जात नाही, आणि पानंही आपोआप कमी होतात. काप घेताना खोडाच्या आत बघा: आतलं चक्र तपकिरी दिसलं तर स्वच्छ हिरवा-पांढरा काप दिसेपर्यंत वर सरकत कापा, दर कापानंतर पातं पुसून.

खोड शेंड्यापर्यंत मऊ झालं असेल तर मातीसकट टाकून द्या, ती माती दुसऱ्या कुंडीत नको. कुंडी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात धुऊन वाळवली की पुन्हा वापरता येते.