नोबिवॅक डीएचपीपीआय आणि नोबिवॅक रेबीज: अभयारण्याकाठच्या गावात ही जोडी कितपत चालते?

शहरातल्या दवाखान्यात कुत्र्यांच्या या दोन लशींबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. फ्रिज शेजारी, कुत्रं टेबलावर, मालकाच्या हातात कार्ड, आणि तीन आठवड्यांनी तो पुन्हा येणार हेही जवळपास ठरलेलं. गावातल्या शिबिरात यातलं काहीच नसतं. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ घ्या किंवा ताडोबाचं बफर. इथे कुत्र्यांना टोचायचं ते त्यांचे रोग शेजारच्या जंगली प्राण्यांपर्यंत पोचू नयेत म्हणूनही. कुत्री मोकळी, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि आज टोचलेलं पिल्लू पुढच्या खेपेला सापडेलच असं नाही. या कसोटीवर आमचे गुण असे: रेबीजच्या लशीला पाचपैकी पाच. डीएचपीपीआयला पिल्लांसाठी चार, आणि वर्षावरच्या गावकुत्र्यांसाठी एक. हा एक का, ते समजलं तर शिबिराचा अर्धा खर्च वाचतो.

डीएचपीपीआयच्या कुपीत चार विषाणू असतात. चारही जिवंत, पण निर्बल केलेले आणि गोठवून वाळवलेले: डिस्टेंपर (ताप आणि नाका-डोळ्यांतून स्राव आणणारा), अ‍ॅडिनोव्हायरस-२, पार्वो (हगवण लावणारा) आणि पॅराइन्फ्लुएन्झा (खोकला आणणारा). कावीळ आणणारा खरा विषाणू अ‍ॅडिनो-१. पण त्याचीच लस दिली तर काही कुत्र्यांचा डोळा निळसर होतो, म्हणून त्याचा भाऊ वापरतात आणि संरक्षण दोघांपासून मिळतं. रेबीजच्या कुपीत मात्र मारलेला विषाणू, सोबत लशीचा जोर वाढवणारं अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट. एक जिवंत, एक मेलेला. पुढच्या बहुतेक भानगडी या फरकातूनच निघतात.

आता तो एक गुण. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि आसपास २१९ कुत्र्यांचं आणि ३३ खोकडांचं रक्त तपासलं गेलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८८ टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत पार्वोच्या, ७२ टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत डिस्टेंपरच्या आणि ७१ टक्क्यांत अ‍ॅडिनोच्या प्रतिपिंडांची नोंद आहे. म्हणजे गावातलं मोठं कुत्रं बहुधा हे रोग आधीच भोगून, त्यातून तगून उभं असतं. त्याला डीएचपीपीआय टोचणं म्हणजे भरल्या रांजणात तांब्याभर पाणी ओतणं. अभ्यासकांनीही तेच लिहिलंय: या वयाच्या कुत्र्यांना लस देऊन त्यांची प्रतिकारशक्ती फारशी वाढत नाही आणि गावातल्या सगळ्या कुत्र्यांच्या सामूहिक संरक्षणातही भर पडत नाही. तरीही शिबिरं भरतात तेव्हा दावणीला बांधलेली, शांत, मोठी कुत्रीच आधी येतात, कारण ती आणायला सोपी. पिल्लं राहतात उकिरड्यावर.

रेबीजचा हिशोब याच्या नेमका उलट. पिसाळलेलं कुत्रं जगत नाही, त्यामुळे ‘भोगून तगलेलं’ कुत्रं हा प्रकारच तिथे नाही. तीन महिन्यांवरचं प्रत्येक कुत्रं उघडं आहे असं धरून प्रत्येकाला टोचायचं. गावातली किमान ७० टक्के कुत्री झाली पाहिजेत, आणि दर वर्षी. जुनी मरतात, नवी जन्मतात, म्हणून वर्षअखेरीस हा आकडा आपसूक घसरतो. ७० वर समाधान मानलेलं गाव दहा महिन्यांनी बरंच खाली आलेलं असतं. तेव्हा मुळातच जास्त गाठा.

पिल्लांच्या बाबतीत नान्नजचेच आकडे दुसरी गोष्ट सांगतात, आणि ती सहसा सुटते. आया इतक्या प्रमाणात रोग भोगून आलेल्या, म्हणजे पिल्लांना चिकातून मिळणारे प्रतिपिंडही भरपूर. हे प्रतिपिंड पिल्लाला सांभाळतात आणि लशीतल्या जिवंत विषाणूलाही मारतात. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाला टोचलं की कार्डावर नोंद होते, पण पिल्लाच्या अंगात काहीच होत नाही. पुढे आईचं संरक्षण ओसरतं आणि पिल्लू पार्वोत सापडतं. मग गावात बोलणं सुरू होतं, ‘लस देऊनही मेलं’.

कंपनीचं युरोपातलं वेळापत्रक दहाव्या आठवड्याला पूर्ण होतं. घरात पाळलेल्या पिल्लाला लवकर बाहेर काढता यावं यासाठी ते सोयीचं आहे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेची शिफारस वेगळी: सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर. गावात तीन-चार खेपा होत नाहीत हे मान्य करूनच ठरवायचं असेल, तर एकच डोस द्या, पण तो सोळा आठवड्यांनंतर. त्या वयात एका डोसातही डिस्टेंपर, पार्वो आणि अ‍ॅडिनोचं संरक्षण सहसा मिळतं. दोन खेपा जमत असतील तर पहिली बाराव्या आठवड्याच्या सुमारास, दुसरी सोळानंतर.

जन्मतारीख कुणी सांगत नाही, म्हणून दात बघा. वरच्या जबड्यातले समोरचे मधले दोन दात पडून रुंद, पक्के आलेले दिसले की पिल्लू साधारण चार महिन्यांचं. सगळे दात अजून दुधाचे, सुईसारखे अणकुचीदार असतील तर थांबा. चारही सुळे पक्के झाले असतील तर सहा-सात महिने उलटलेत. आमच्या मते डीएचपीपीआयचे सगळे डोस चार महिने ते एक वर्ष या टप्प्यात वापरावेत, आणि उरले तरच पुढे जावं.

यातून एक पेच होतो. मोकळ्या कुत्र्यांची वीण बहुतांशी हिवाळ्यात होते. नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मलेली पिल्लं चार महिन्यांची होतात मार्च ते मे या काळात. म्हणजे सगळ्यात नाजूक लस नेमकी सगळ्यात कडक उन्हात न्यायची. त्यावर उपाय एकच: मार्चच्या सुरुवातीला एक फेरी, एप्रिलअखेर दुसरी, आणि काम सकाळी सहा ते दहा. दहानंतर डबा बंद. रेबीजचं काम मात्र वर्षात कधीही उरकता येतं.

थंड साखळीबद्दल, म्हणजे लस टोचेपर्यंत सतत थंड ठेवण्याबद्दल, जरा सविस्तर, कारण शिबिरं इथेच फसतात. दोन्ही लशींच्या लेबलवर २ ते ८ अंश लिहिलंय. पण तापमान बिघडलं की दोघींचं वेगवेगळ्या तऱ्हेने बिनसतं. उष्णतेत डीएचपीपीआयमधला डिस्टेंपरचा विषाणू आधी मरतो. त्याला चरबीचं आवरण आहे आणि ते नाजूक. पार्वो चिवट, तो टिकतो. त्यामुळे उन्हात राहिलेली कुपी पार्वोपुरती चालेल आणि डिस्टेंपरपुरती पाणी झालेली असेल, आणि बाहेरून दिसायला काही फरक नाही. ज्या रोगासाठी जंगलाकाठी एवढी धडपड करायची, नेमका तोच भाग आधी जातो.

रेबीजची लस उष्णतेला बरीच दाद देत नाही. टांझानियात हीच लस २५ अंशांवर सहा महिने आणि ३० अंशांवर तीन महिने ठेवून कुत्र्यांना टोचली, तेव्हा तयार झालेले प्रतिपिंड थंडीत ठेवलेल्या लशीच्या तोडीचे निघाले. म्हणून ती बिनधास्त बाहेर ठेवा असं नव्हे, लेबल ते लेबलच. पण वाटेत डबा तासभर कोमट झाला म्हणून रेबीजचा साठा फेकून द्यायची घाई नको. तिचा खरा शत्रू बर्फ. गोठली की अ‍ॅल्युमिनियमच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी. शंका आली तर कुपी हलवून ठेवा. पांढरे कण भराभर तळाशी बसले तर ती वापरू नका.

म्हणून फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे पॅक तसेच डब्यात कोंबू नका. बाहेर ठेवा, अंगावर पाण्याचे थेंब येऊ द्या, हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. मग चार बाजूंना चार पॅक, मध्ये कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि एक थर्मामीटर. घरगुती फ्रिज असेल तर दाराच्या कप्प्यात किंवा फ्रीजरच्या बुडाला टेकून लस ठेवू नका. वीज गेली होती का हे सकाळी निघण्याआधी विचारायचं.

या जोडीची सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे डीएचपीपीआयच्या कुपीतली कोरडी वडी एका डोसाच्या नोबिवॅक रेबीजमध्ये विरघळवता येते. एक मिली, एक टोचणी, पाच रोग. दोनदा पकडून ठेवणं वाचतं, आणि गावकुत्र्याला दुसऱ्यांदा कोण पकडू देतो! अट एवढीच की विरघळवल्यापासून तीस मिनिटांत टोचलं पाहिजे. सकाळी दहा कुप्या तयार करून पिशवीत घालणारे दिसतात. त्यांची शेवटची सात-आठ कुत्री लशीविनाच राहिली असं समजा. आधी कुत्रं धरा, मग कुपी फोडा.

डोस कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही. पाच किलोच्या पिल्लालाही एक मिली, धनगराच्या दांडग्या कुत्र्यालाही एक मिली. दोन पिल्लांत अर्धा-अर्धा वाटला तर दोघंही कच्ची राहण्याचा धोका. खांद्यावरची सैल कातडी उचलून बावीस किंवा तेवीस गेजच्या सुईने कातडीखाली. प्रत्येक कुत्र्याला नवी सिरिंज, नवी सुई. टोचायच्या जागी स्पिरिट चोळू नका, ते जिवंत विषाणूला मारू शकतं. टोचल्यावर केसांवरून बोट फिरवा. ओलं लागलं तर सुई कातडीच्या घडीतून पलीकडे गेली आणि डोस बाहेर सांडला. हे वाटतं त्याहून फार वेळा घडतं.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या रोगाची) लस सोबत घेण्याचा आग्रह काही दुकानदार धरतात. तिला दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. एका खेपेच्या शिबिरात तिचा उपयोग नाही, ते पैसे सिरिंजवर घाला.

शिबिर देवळासमोर भरवू नका, हेही इथेच सांगायला हवं. दवंडी देऊन सगळी पिल्लं एका जागी आणली की पार्वो वाटायला तेवढं पुरतं. विष्ठेतून पडलेला पार्वो मातीत महिनोन्महिने राहतो. दारोदार जा. दोन आळ्यांच्या मध्ये बुटाचे तळवे एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं ठेवा, पण आधी घासून चिखल काढा. चिखलावर ब्लीच चालत नाही. ताप, हगवण, डोळ्या-नाकाला चिकट स्राव असलेल्या पिल्लाला डीएचपीपीआय देऊ नका. गाभण कुत्रीलाही नको, रेबीज चालते. डिस्टेंपर अंगात मुरत असताना टोचलेलं पिल्लू पुढच्या काही दिवसांत आजारी पडतंच आणि खापर लशीवर फुटतं. मालकाला हे आधीच सांगून ठेवा.

अ‍ॅलर्जीचा झटका क्वचित येतो, पण येतो. पशुवैद्याच्या पेटीत १:१००० अ‍ॅड्रेनालिन हवंच: दहा किलोच्या कुत्र्याला ०.१ मिली, स्नायूत. टोचल्यावर वीस मिनिटं कुत्रं नजरेसमोर. पकडणाऱ्या माणसांनी स्वतः आधी रेबीजची लस घेतलेली असावी. तोंड बांधायला सुती पट्टी पुरते. खुणेसाठी रंगीत पट्टा बांधणार असाल तर तो मोठ्या कुत्र्यांनाच, दोन बोटं आत जातील इतका सैल. वाढत्या पिल्लाच्या गळ्यात तो रुततो, त्यांना जनावरांवर खूण करायचा रंग बरा.

हे सगळं नीट केलं तर जंगलातल्या प्राण्यांना काय मिळतं? रेबीजपुरतं बरंच काही. डिस्टेंपरपुरतं अपेक्षा आवरून. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरने गेले. नंतर भोवतालच्या गावांतली कुत्री टोचली गेली, तरी सिंहांमधला संसर्ग थांबला नाही, असं २०१५ च्या विश्लेषणात दिसलं. विषाणूला तिथे इतर प्राण्यांचाही आसरा होता. गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दलखानिया रेंजमधले २३ सिंह गेले आणि काहींच्या नमुन्यांत डिस्टेंपर सापडला, त्यानंतर कुत्र्यांच्या लसीकरणाला जोर आला. जोर योग्यच, पण मोठी कुत्री मोजून आकडा फुगवणं म्हणजे काम नव्हे. नान्नजच्या खोकडांत पार्वोचे प्रतिपिंड ४८ टक्के, अ‍ॅडिनोचे ५२ आणि डिस्टेंपरचे फक्त १८ टक्के होते. पार्वो विष्ठेतून आणि अ‍ॅडिनो लघवीतूनही पसरतो, त्यासाठी कुत्रं आणि खोकड समोरासमोर यावं लागत नाही. डिस्टेंपरचं १८ हे दिलासा देणारं वाटेल, पण ज्या खोकडांत त्याचा संसर्ग चालू दिसला त्यांतली बरीच मेली. मेलेल्याचं रक्त सर्वेक्षणात येत नाही.

शेवटची सूचना वनरक्षकांसाठी. विहिरीतून काढलेलं खोकडाचं पिल्लू किंवा उसाच्या फडात सापडलेलं कोल्ह्याचं पिल्लू समोर असलं आणि डब्यात एक कुपी उरली असली, तरी ती त्याला टोचू नका. कुत्र्यासाठी निर्बल केलेला डिस्टेंपर दुसऱ्या प्राण्यात निर्बल राहीलच असं नाही. लाल पांडा, काळ्या पायांचं फेरेट, आफ्रिकेतली रानकुत्री आणि अमेरिकेतलं करडं खोकड यांना अशा जिवंत लशीतूनच डिस्टेंपर झाल्याच्या नोंदी आहेत. उरलेली कुपी न फोडता डब्यात परत ठेवा. वडी कोरडी आणि थंड असेल तर ती पुढच्या गावातल्या पिल्लाला चालते.