आयएमडीएस, आठ महिन्यांनंतर: अंबडमधल्या छोट्या युनिटचा अनुभव

नाशिकजवळच्या अंबड एमआयडीसीत आमचं टर्निंग आणि प्रेस पार्ट्सचं युनिट आहे. माणसं पस्तीस, क्वालिटी मी बघते. आठ महिन्यांपूर्वी ग्राहकाकडून निरोप आला, ‘यापुढे आयएमडीएस मंजूर झाल्याशिवाय पीपॅप मंजूर होणार नाही.’ आयएमडीएस म्हणजे गाडीच्या पार्टमधल्या मटेरियलची माहिती भरायची ऑनलाइन सिस्टीम, आणि पीपॅप म्हणजे पार्टचं उत्पादन सुरू करण्याआधी ग्राहकाची मंजुरी. तोवर आम्ही एक्सेलमध्ये ‘मटेरियल : एमएस (साधं पोलाद), प्लेटिंग : यलो झिंक (पिवळसर जस्ताचा मुलामा)’ एवढं लिहून सही-शिक्का मारून देत होतो.

ज्यांनी अजून सुरुवात केली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही सिस्टीम २००० साली युरोपातल्या गाडी कंपन्यांनी मिळून उभी केली. पार्टमध्ये कोणतं मटेरियल, त्या मटेरियलमध्ये कोणते घटक, प्रत्येकाचा सीएएस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) आणि टक्केवारी, असं झाडासारखं उतरत जायचं आणि शेवटी शीट ग्राहकाला पाठवायची. तो स्वीकारतो किंवा कारण लिहून परत करतो. सप्लायरला साध्या वापरासाठी पैसे पडत नाहीत. स्क्रीनची सवय व्हायला पंधरा दिवस लागतात. नेहमीच्या ग्रेडच्या पोलादाची प्रकाशित शीट तयार मिळते, ती शोधून जोडायची. घटक हाताने भरत बसू नका.

माझी पहिली शीट तीनदा परत आली. एका ब्रॅकेटची होती. पहिल्यांदा मी प्लेटिंग दाखवलंच नव्हतं. दुसऱ्यांदा दाखवलं, पण वजन अंदाजे टाकलं. मग बसून हिशोब केला: पृष्ठभाग ६० चौरस सेंटीमीटर, थर ८ मायक्रॉन, जस्ताची घनता ७.१, म्हणजे साधारण ०.३४ ग्रॅम. तेव्हापासून टेबलावर ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा ठेवला आहे आणि पार्ट प्लेटिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तोलते. तिसऱ्यांदा अडलं ते पॅसिव्हेशनवर (जस्त गंजू नये म्हणून त्यावर देतात तो क्रोमियमचा पातळ थर), आणि खरी मेहनत तिथेच होती.

युरोपच्या नियमात शिसं, पारा आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमियमचं विषारी रूप) मर्यादा ०.१ टक्के आहे, कॅडमियमची ०.०१. ही टक्केवारी अख्ख्या पार्टवर काढायची नसते, प्रत्येक एकजिनसी मटेरियलवर काढायची असते. ‘ब्रॅकेट १८० ग्रॅमचा, त्यात क्रोमियम ते किती!’ हा युक्तिवाद मीही केला होता, तो इथे चालत नाही. पातळ थर असला तरी त्याचा हिशोब वेगळा.

प्लेटिंगवाल्या काकांना विचारलं, सीआर-थ्री की सीआर-सिक्स, म्हणजे ट्रायव्हॅलंट क्रोमियम की हेक्झाव्हॅलंट? ते म्हणाले, “ताई, पिवळं मागितलं, पिवळं दिलं.” रंगावरून कळत नाही, कारण पिवळसर ट्रायव्हॅलंटही मिळतं. लॅबमध्ये नमुना दिला. डायफेनिलकार्बाझाइड टाकल्यावर द्रावण जांभळट-लाल झालं, म्हणजे हेक्झाव्हॅलंट निघालं. मला फार वाईट वाटलं, कारण इतके दिवस आम्ही कागदावर ‘नाही’ म्हणून सही करत होतो. काकांना दोष देणार नाही. त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. दोन महिने लागले, पण त्यांनी आमच्यासाठी ट्रायव्हॅलंटची वेगळी टाकी लावली. किलोमागे दर थोडा वाढला. मालकांनी तो मान्य केला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

फ्री-कटिंग स्टीलचंही (मशीनवर सहज कापलं जाणारं पोलाद) तपासा. शिशाच्या ग्रेडला ०.३५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, पितळासारख्या तांब्याच्या मिश्रधातूंना ४ टक्क्यांपर्यंत, पण शीटमध्ये त्या सुटीचा कोड निवडावा लागतो. शिवाय २०१८ पासून शिसं रीचच्या (युरोपचा रसायनांचा कायदा) घातक पदार्थांच्या उमेदवार यादीत आहे. म्हणजे सूट असली तरी ०.१ टक्क्याच्या वर असेल तर ग्राहकाला कळवायचंच. दुकानातून सुट्टा बार आणणाऱ्यांना हे जड जाईल. हीट नंबर (धातू वितळवल्याच्या बॅचचा नंबर) असलेलं टेस्ट सर्टिफिकेट मिळत नसेल, तर तो बार घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता साध्या पार्टची शीट अर्ध्या तासात होते. असेंब्लीला दिवस जातो, त्यातला बराचसा फोनवर. रबर आणि पेंटवाले फॉर्म्युला सांगत नाहीत. त्यांना गोपनीय घटकांसाठी १० टक्क्यांपर्यंत मुभा असते हे समजावून सांगितलं की बोलायला तयार होतात.

रीचची यादी साधारण वर्षातून दोनदा वाढते, तेव्हा जुन्या शीट पुन्हा चाळाव्या लागतात. ब्रासच्या बुशांच्या १४ शीट मी या आठवड्यात उघडल्या आहेत. १२ सर्टिफिकेटं आली, दोन सातपूरच्या एका पुरवठादाराकडून यायची आहेत. उद्या सकाळी स्वतः जाऊन आणणार आहे.