‘एलिमेंट्स ऑफ एआय’ कोर्स : एका विज्ञान शिक्षकाचा वापरानंतरचा अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा हा मोफत ऑनलाईन कोर्स हाती घेतला, दिवाळीच्या सुट्टीत प्रमाणपत्र मिळालं. आता दुसरं सत्र संपत आलंय आणि यातलं काय टिकलं ते नीट सांगता येईल. मी औसा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो.

शिक्षकांसाठीची एआयची बहुतेक प्रशिक्षणं ‘पाठ टाचण काढून घ्या, प्रश्नपत्रिका काढून घ्या’ इथंच संपतात. हेलसिंकी विद्यापीठ आणि रिॲक्टर या फिनिश कंपनीने २०१८ साली आणलेल्या या कोर्सात तसलं काही नाही. यंत्र आतून काय करतं एवढंच सहा भागांत शिकवलंय. कोडिंग लागत नाही.

तिसरा भाग सगळ्यात मोलाचा. त्यातलं एक उदाहरण : समजा, शंभरात ५ बायकांना आजार आहे. चाचणी आजारी बायकांपैकी ८० टक्के बरोबर पकडते, पण निरोगी १० टक्के बायकांनाही आजारी ठरवते. चाचणी पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची शक्यता किती? पटकन ८० टक्के तोंडात येतं. पण आजारी ५ मधल्या ४ आणि निरोगी ९५ मधल्या साडेनऊ, म्हणजे साडेतेरात ४. जेमतेम ३० टक्के! हाच हिशोब मी स्टाफरूममध्ये मांडला, कारण जलसुरक्षेचे प्रकल्प पोरांनी एआयकडून लिहून घेतले का, हे ओळखणारं ॲप वापरायचं घाटत होतं. तेही या चाचणीसारखंच, स्वतः लिहिणाऱ्या पोरांनाही दोषी ठरवू शकतं. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं असं साधन अचूकता कमी पडते म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, हेही सांगितलं. ॲपचा विषय तिथंच मिटला. त्याऐवजी प्रश्नच बदलले : २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आपल्या गावात टँकर किती दिवसांनी यायचा, ते आजीला विचारून लिहा. लेकरांनी पानंच्या पानं भरून आणली.

चौथा भाग वाचून श्रावणात गुगलचं टीचेबल मशीन वर्गात लावलं. तेही मोफत, ब्राउझरमध्येच चालतं. सोयाबीनची आणि तुरीची पानं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे धरायची, यंत्राला ओळखायला शिकवायचं. सोयाबीनची पानं पांढऱ्या कागदावर धरली होती, तुरीची बाकावर. नंतर एका पोरीने तुरीचं पान कागदावर ठेवलं, तर पडद्यावर सोयाबीन! ती म्हणाली, “सर, हे पान बघतच नाही, कागद बघतंय.” मग दोन्ही पिकांची पानं वेगवेगळ्या जागी धरून पुन्हा शिकवलं, तेव्हा कुठं जमलं.

उणिवाही आहेत. चॅटबॉट कसे चालतात याबद्दल मला यातून फारसं मिळालं नाही. काही लेखी उत्तरं इतर शिकणारेच तपासतात, त्यात दिवस जातात. प्रमाणपत्राला ९० टक्के स्वाध्याय पूर्ण आणि निम्मे बरोबर लागतात, ते अवघड नाही. मी कोर्स इंग्रजीतून केला आणि खरी दमछाक तिथंच झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मित्रांना म्हणूनच सांगतो, एकट्याने करू नका, इंग्रजीच्या शिक्षकाला जोडीला घ्या.