सीबायोपोर्टल: ग्लायोब्लास्टोमाचे संदेशमार्ग शिकण्यासाठी उत्तम साधन

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना मेंदूच्या गाठींतील संदेशमार्ग, म्हणजे पेशीला वाढीचे वा थांबण्याचे आदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळ्या, शिकवताना फळ्यावर बाण काढून भागत नाही. त्यांतला कोणता बाण रुग्णांच्या गाठींत खरोखर तुटलेला आढळतो, हे दाखवावे लागते. त्यासाठी मी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात सुरू झालेले सीबायोपोर्टल हे संकेतस्थळ वापरतो. ते मोफत आहे आणि खातेही उघडावे लागत नाही.

कर्करोगांतील जनुकीय बदलांची नोंद करणाऱ्या टीसीजीए या अमेरिकी प्रकल्पाचा ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीविषयीचा २००८ चा माहितीसंच निवडून जनुकांची नावे लिहिली की ‘ऑन्कोप्रिंट’ उमटतो. त्यात प्रत्येक उभी पट्टी म्हणजे एक गाठ आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक जनुक. लाल रंग जनुकाच्या वाढलेल्या प्रती दाखवतो, तर गडद निळा गळालेले जनुक. ईजीएफआर या, वाढीचा संदेश झेलणाऱ्या ग्राही प्रथिनाच्या जनुकाच्या ओळीत लाल पट्ट्यांची दाटी लगेच नजरेत भरते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सीडीकेएन२ए, सीडीके४ आणि आरबी१ या तीन ओळींचा देखावा. सीडीकेएन२एपासून बनणारे पी१६ हे प्रथिन सीडीके४ला आवरते, आणि मोकाट सुटलेले सीडीके४ आरबी१पासून बनणाऱ्या, पेशीविभाजन रोखून धरणाऱ्या आरबी प्रथिनाला निष्प्रभ करते. पडद्यावर पहिली ओळ जिथे निळी, तिथे उरलेल्या दोन बहुतेक कोऱ्या दिसतात, कारण साखळीची एक कडी तुटली की दुसरी तोडण्याची गाठीला गरजच उरत नाही. हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही, ते स्वतः शोधतात. याच संचावरील शोधनिबंधात हा आरबी मार्ग ७८, बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पी५३ मार्ग ८७ आणि वाढीचा संदेश आत नेणारा ग्राही-रास-पीआय३के मार्ग ८८ टक्के गाठींत बिघडलेला आढळला होता. ओळी पाहिल्यावर त्या आकड्यांना अर्थ येतो.

मदतीची पाने चांगली आहेत, मात्र सारे इंग्रजीत असल्याने पहिला तास शिक्षकाने सोबत बसणे बरे.

एक मर्यादा मात्र शिकवतानाच सांगायला हवी. एक पट्टी म्हणजे एक नमुना, आणि नमुन्यात असंख्य पेशी मिसळलेल्या असतात. एकाच ग्लायोब्लास्टोमात काही पेशींत ईजीएफआर, तर शेजारच्या पेशींत पीडीजीएफआरए हे तशाच दुसऱ्या ग्राहीचे जनुक वाढलेले असू शकते. एका पट्टीत दोन्ही लाल दिसले, तरी ते एकाच पेशीत आहेत की वेगवेगळ्या, हे तिथे कळत नाही. केवळ ईजीएफआर अडवणारे एर्लोटिनिब हे औषध या गाठीत फारसे उपयोगी का पडले नाही, हे समजून घेताना नेमका हाच तपशील लागतो.