टोकियोत एकाच दुपारी सोबा खायचाय, तर कुठे? याबू, मात्सुया की स्टेशनवर उभ्याने

आमच्याकडे टोकियोतल्या निशीकासाईला भारतातून कोणी ना कोणी येत असतं आणि दर वेळी हाच प्रश्न, "रामेन झालं, सुशी झाली, आता तो सोबा कुठे खायचा?" सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या जपानी नूडल्स. म्हणून एकदाच लिहून टाकते.

कांदा याबू सोबा आणि कांदा मात्सुया ही दोन्ही सोबाची जुनी दुकानं. कांदा हा टोकियोतला भाग आहे, आपल्या कांद्याशी त्याचा संबंध नाही (सोबासोबत बारीक चिरलेला पातीचा कांदा मात्र दोन्हीकडे येतो, त्यामुळे नवरा दर वेळी तोच जोक मारतो). याबू 1880 चं, मात्सुया 1884 चं, आणि दोघांत चालत पाच मिनिटंपण नाहीत.

याबूची जुनी लाकडी इमारत 2013 च्या फेब्रुवारीत आगीत सापडली, मग नवीन बांधून 2014 च्या ऑक्टोबरमध्ये परत सुरू झालं. म्हणजे बघायला जुन्या वळणाचं, झाडंबिडं आहेत, पण आतून नवं आणि मोकळं. ऑर्डर दिली की काउंटरवरची बाई ती किचनकडे गाण्यासारखी लांब सूर लावून सांगते, ते ऐकायलाच मी पाहुण्यांना नेते. नूडल्स किंचित हिरवट, आणि त्सुयू, म्हणजे बुडवायचं ते सॉस, एकदम कडक आणि खारट. आपल्याला सवय आमटीत पोळी कुस्करायची, तसं इथे करू नका, नूडल्सचं फक्त टोक बुडवायचं आणि आवाज करत ओढायचं. आवाज केला तर इथे कोणी डोळे वटारत नाही.

मात्सुयाची इमारत 1925 ची, म्हणजे 1923 च्या मोठ्या भूकंपानंतर बांधलेली आणि युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतूनही वाचलेली. आत दाटीवाटी, अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायची तयारी ठेवा, शेजारचे आजोबा दुपारी दोन वाजता सोबाची चव असलेलं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) चाटत साके, म्हणजे तांदळाची दारू, पीत बसलेले असतात, त्यांना कसलीच घाई नसते, आणि जुन्या सोबावाल्यांकडे हीच खरी पद्धत, आधी थोडं पिणं, थोडं चघळणं, शेवटी सोबा. नूडल्स हाताने बनवलेले. मला विचाराल तर चवीला मात्सुयाच, आणि याबूपेक्षा पोटालाही जरा आधार. पण आईबाबा बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर मी याबूलाच नेते.

साधा गार सोबा दोन्हीकडे हजार येनच्या मागेपुढे, कोळंबीचा तेंपुरा (पिठात बुडवून तळलेली कोळंबी) घेतला की बिल भराभर वर जातं. आणि पोट भरेल ही आशा सोडा. भूक लागून गेलात तर बाहेर पडल्यावर वडापाव आठवतो, खरं सांगते.

भूक असेल तर सरळ स्टेशनवरचं उभ्याने खायचं दुकान. मशीनमधून कूपन काढा, काउंटरवर ठेवा, दोन-तीन मिनिटांत गरम रश्शातला सोबा समोर, वर कांदाभजीचा भाऊ शोभेल असा काकिआगे. पाचशे-सहाशे येनमध्ये काम होतं. नूडल्समध्ये गव्हाचं पीठ बऱ्यापैकी असतं, पण थंडीत ट्रेनच्या आधी मला हाच लागतो, उगाच नाक मुरडू नये.

आता शाकाहारी मंडळींसाठी. सोबा म्हणजे कुट्टूचं पीठ, त्यामुळे "उपवासाला चालेल का गं" असं आईने विचारलं होतं. नाही चालत. पारंपरिक प्रमाण आठ भाग कुट्टू, दोन भाग गहू, आणि त्सुयूमध्ये सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतोच. नुसत्या भाज्यांचा तेंपुरा घेतला तरी तो बुडवायचा त्यातच. कट्टर शाकाहारी असाल तर तिन्ही ठिकाणं बाद. आणि कुट्टूची ॲलर्जी असेल तर दारातसुद्धा उभं राहू नका, काहींना ती जिवावर बेतेल इतकी जोरात येते.

31 डिसेंबरला जायचं ठरवू नका, वर्षाच्या शेवटी सोबा खायची प्रथा आहे, रांग रस्त्यावर लांबपर्यंत जाते.

आणि दोन्हीकडे शेवटी किटलीत जे गढूळ गरम पाणी येतं ते हात धुवायला नाही. ते नूडल्स उकडलेलं पाणी, सोबायू. उरलेल्या त्सुयूमध्ये ओतून प्यायचं. माझ्या रत्नागिरीच्या सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगो, ही तर पेजच!"