निदानाचा कोड कुठला धरायचा: आयसीडी-१०, आयसीडी-११ की स्नोमेड सीटी?

केसपेपरवर डॉक्टर घाईत लिहितात, ‘डीएम टाइप टू, नेफ्रोपथी’, म्हणजे टाइप टू मधुमेह आणि त्यामुळे किडनीवर झालेला परिणाम. तोच पेशंट क्लेमच्या फॉर्मवर ‘ई११.२’ होतो आणि रुग्णालयाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी नुसतं ‘शुगर’ टाइप करून ठेवलेलं असतं. नवं सॉफ्टवेअर घ्यायची वेळ आली की पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयापुढे प्रश्न उभा राहतो: यापुढे निदान कुठल्या कोडात साठवायचं? सॉफ्टवेअर विकणारा सांगतो, ‘आमच्यात आयसीडी आहे.’ तेवढ्यावर होकार देऊ नका.

आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. ती मुळात मोजदादीसाठी जन्मली. १८९३ मध्ये जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिचाच हा वंश. दहावी आवृत्ती जागतिक आरोग्य परिषदेने १९९० मध्ये मंजूर केली. मोजायचं तर प्रत्येक केस एकाच खणात बसायला हवी, दोनदा मोजली जाता कामा नये. म्हणून तिथे ‘इतर’ आणि ‘अनिर्दिष्ट’ असे खण जागोजागी दिसतात. साथीची आकडेवारी काढताना हा मोठा गुण आहे. केसपेपरसाठी मात्र तो दोष ठरतो, कारण ‘इतर’मध्ये टाकलेल्या पेशंटला नेमकं काय झालं होतं हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही. तरीही आयसीडी-१० टाळता येणार नाही. विम्याच्या प्रमाणित क्लेम फॉर्मवर तीच मागतात, मृत्यूच्या कारणांची सरकारी आकडेवारीही तिच्याच आधारे होते.

स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संकल्पनांची शब्दावली, तिची घडण वेगळी आहे. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांची शब्दावली आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेत नोंदीसाठी वापरले जाणारे रीड कोड एकत्र करून ती २००२ मध्ये आली. आज तिच्यात साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत. ‘हार्ट अटॅक’ लिहा नाहीतर ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, क्रमांक एकच: २२२९८००६. शिवाय एका संकल्पनेला अनेक पालक असू शकतात. व्हायरल न्यूमोनिया फुप्फुसाच्या आजारांत सापडतो, तसाच संसर्गांतही. ‘किडनीवर परिणाम झालेले आमचे सगळे मधुमेही दाखव’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. डॉक्टरच्या तोंडी असलेले शब्द जसेच्या तसे टिकवणारी ही व्यवस्था आहे, आणि मला तिचं महत्त्व सर्वांत जास्त वाटतं.

खर्चाची भीती बाळगू नका. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळे देशात वापरायला परवाना शुल्क पडत नाही. परवान्याचं काम आपल्या पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय संसाधन केंद्र पाहतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांनीही वाटणी तीच केली आहे: नोंदीसाठी स्नोमेड, आकडेवारीसाठी आयसीडी-१०, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक ही कोडांची यादी. खरा खर्च आहे तो माणसांना शिकवण्याचा.

आता कळीचा मुद्दा. स्नोमेडमधून आयसीडी-१० कडे जायला अधिकृत नकाशा, म्हणजे कोडाला कोड जुळवणारा तक्ता, मिळतो. काही ठिकाणी त्याला पेशंटचं वय किंवा लिंग विचारावं लागतं, कोडरने एकदा नजर टाकावीच लागते, पण काम निभतं. उलट्या दिशेने निभत नाही. खणात टाकताना जो तपशील गळला तो परत कुठून आणणार? म्हणून नोंद बारकाईने करा आणि ढोबळ कोड तिच्यातून काढा. ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त आयसीडी भरली त्यांना संशोधनाच्या वेळी हे फार जाचतं.

‘आयसीडी-१०’ हे नावही एकाच यादीचं नाही. डेंग्यू घ्या. पूर्वी तो ए९० होता, रक्तस्रावी डेंग्यू ए९१. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ए९७ आणला आणि त्याखाली धोक्याच्या लक्षणांविना, लक्षणांसह आणि तीव्र असे प्रकार केले. अमेरिकेच्या आवृत्तीत मात्र ए९०, ए९१ राहिले. जुन्या ए९१ ला डोळे झाकून नवा ‘तीव्र डेंग्यू’ म्हणता येत नाही. त्याच संघटनेच्या २००९ च्या डेंग्यू वर्गीकरणात तीव्रतेचे निकषच बदलले. अवयवांवर गंभीर परिणाम झालेला, पण रक्तस्राव नसलेला पेशंटही आता तीव्रमध्ये येतो. त्यामुळे कोडाशेजारी कुठल्या यादीची कुठली आवृत्ती, हे साठवलंच पाहिजे. हा रकाना नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका, इतकं मी स्पष्ट म्हणेन.

आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ती फुकट आहे, संगणकासाठीच घडवलेली आहे, आणि कोडाला कोड जोडून तपशील वाढवता येतो. तरी क्लेमसाठी आज तिच्यावर विसंबू नका; सॉफ्टवेअरमध्ये तिची जागा राखून ठेवा.

आयुर्वेदाचं रुग्णालय असेल तर मात्र ती आजच पाहा. जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीसाठी तिच्यात वेगळा विभाग आला. त्याआधी, २०१७ पासून, आयुष मंत्रालयाचं नमस्ते पोर्टल, म्हणजे या पद्धतींच्या आजारांच्या कोडांचं संकेतस्थळ, आहेच. इथे एक सापळा आपल्या भाषेतच दडलेला आहे. घराघरांत ‘मधुमेह’ म्हणजे डायबेटिस. वैद्यांच्या लेखी मधुमेह हा वीस प्रमेहांपैकी (लघवीच्या विकारांपैकी) एक, वातज म्हणजे वातामुळे होणारा. दोन्ही एकाच क्रमांकाला बांधले तर वैद्याचं निदान पुसलं जातं आणि डायबेटिसची आकडेवारीही बिघडते. दोन्ही कोड शेजारी शेजारी ठेवावेत, एकाला दुसऱ्याचं भाषांतर मानू नये.

अनेक रुग्णालयांचा डेटा एकत्र करून अभ्यास करायचा असेल तर ओएमओपी, म्हणजे डेटा साठवायचा एक सामायिक साचा, हा चौथा पर्याय. निदानांसाठी तोही स्नोमेडलाच प्रमाण मानतो आणि मूळ कोड वेगळ्या रकान्यात जपतो. रोजच्या ओपीडीला त्याची गरज नाही.

एकट्या डॉक्टरच्या क्लिनिकला माझ्या मते आयसीडी-१० ची दोनेकशे निदानांची छोटी यादी पुरे. खाटा असतील, पेशंट विभागांतून फिरत असतील, तर स्नोमेडच घ्या. आणि करारावर सही करण्यापूर्वी तुमच्याच ओपीडीचे शंभर जुने केसपेपर काढा, नावं झाका, दोन जणांना वेगवेगळं बसवून त्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला लावा. दोघांचे कोड जिथे जुळत नाहीत, ते कागद घेऊन विकणाऱ्याशी बोलायला बसा.